डॉक्टरांना दाखवायची ठकू

दवाखान्याचा दिवस जवळ आला की माझ्या भावाला दुसरं काही सुचायचं नाही. आदल्या दिवशी मुलीचे केस धुवायचे, नखं कापायची, निळा फ्रॉक इस्त्री करून दाराला अडकवून ठेवायचा. सकाळी उजाडताच भरवून घ्यायचं, म्हणजे तिकडे पोहोचेपर्यंत खोकला बसतो. रिक्षात झोपू द्यायचं, म्हणजे डॉक्टरांसमोर डोळे टक्क उघडे राहतात. आणि खोलीत शिरायच्या आधी तिच्या कानात असं काहीतरी पुटपुटायचं की पोर खळखळून हसायची. ते हसू ओसरायच्या आत हा चाकाची खुर्ची ढकलत आत. मागून मी, पिशवी सांभाळत.

"अरे, तपासायला नेतोयस की फोटो काढायला?" मी एकदा विचारलं.

"ताई, तू गप गं," तो म्हणाला. "चार माणसांत न्यायचं तर नीट न्यावं."

माझा भाऊ रंगारी. घरं रंगवतो. गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही, रंगारीच म्हणतात. हात सफाईदार आहे, उगाच नाही म्हणत मी. पण मालक काम बघायला यायचा म्हटलं की याची अशीच धांदल. जिथे ओल आहे तिथे आणखी एक हात मारायचा, फरशीवरचे थेंब खरवडायचे, खिडकी अशी उघडायची की उजेड चांगल्या भिंतीवर पडावा. ओल काही रंगाने जात नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण मालक "वा!" म्हणाला की याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. लहानपणापासून असाच आहे. कौतुकाला हपापलेला.

मुलीला आम्ही ठकू म्हणतो. अकरा वर्षांची आहे. जन्मताना श्वास कोंडला आणि मेंदूला इजा झाली. चालत नाही, टेकू दिला तर बसते, बोलत नाही. हातपाय ताठतात. पण कळतं सगळं. मी कोणावर तोंड सोडलं की या बयेला हसू आवरत नाही. म्हणजे दिवसभर तिची करमणूक असते, कारण मी तोंडाळ आहे आणि मला त्याची लाजही वाटत नाही. मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहते, शिवणकाम करते. मशीन थांबवलं की भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. काय ऐकू यायचं? तर जेवण.

ठकूचं जेवण हे जेवण नव्हतं, ती लढाई होती. तिला मांडीवर घ्यायचं, मान एका हाताने सावरायची, हनुवटी खालून धरायची. कुस्करलेला बटाटा नाहीतर दुधात भिजवलेला पाव, चमच्याच्या टोकावर येईल एवढाच. निम्मा घास बाहेर यायचा. मग गिळायची वाट बघायची. मग खोकला. खोकला म्हणजे नुसता ठसका नव्हे, पोर लालबुंद व्हायची, ओठ काळेनिळे पडायचे. हा तिला पालथी करून पाठ थोपटायचा, "झालं, झालं, राजा," म्हणायचा आणि ती जरा शांत झाली की पुन्हा चमचा. सकाळचं भरवून हात धुवावेत तोवर दुपारच्या तयारीला लागायचं. दुपारी घरी येता यावं म्हणून तो लांबची कामं घ्यायचाच नाही. भावजय एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या विभागात चादरी इस्त्री करते. ती संध्याकाळी येऊन चप्पल काढायची आणि थेट मुलीला मांडीवर घ्यायची. या दोघांना एकमेकांशी भांडायलासुद्धा ताकद उरायची नाही. भांडण काढायचे आणि मध्येच जांभई द्यायचे.

आणि डॉक्टरीणबाई विचारायच्या, "जेवण कसं आहे?"

"एकदम छान. आवडीने खाते."

"खोकला वगैरे?"

"कधीतरी. सर्दीचा."

बाई वाईट नव्हत्या हं. लहान मुलांच्या मोठ्या डॉक्टर, बाहेरच्या बाकांवर ही गर्दी. आईबापांच्या मांडीवर आमच्या ठकूसारखीच पोरं, कोणी रडतंय, कोणाला झटके येतायत. बाईंच्या डोळ्यांखाली कायम काळं. आमची पाळी आली, ठकू निळ्या फ्रॉकमध्ये हसत आत गेली, की त्यांचा चेहरा उजळायचा. "शाब्बास! असं सांभाळणारे बाबा सगळ्यांना मिळोत," म्हणायच्या. भाऊ असा फुलायचा की काही विचारू नका. परतीच्या रिक्षात तेच वाक्य मला पुन्हा ऐकवायचा, जणू मी बहिरी आहे.

त्यालाही कारण होतं. ठकू तान्ही असताना एका डॉक्टरने मान वर न करता सांगितलं होतं, फार जीव लावू नका. तेव्हापासून त्याने मनाशी धरलं होतं की दाखवून देईन. दाखवता दाखवता दाखवण्याचंच काम होऊन बसलं. वजनाच्या वेळी तर कहरच. ठकूच्या पायांना आधार म्हणून पट्ट्यांचे जाड बूट आहेत, चांगले जड. वजन करणारी बाई म्हणायची, "बूट काढा." हा म्हणायचा, "काढले की पाय ताठतात हो, मग घालताना रडते." बाईला घाई असायची, ती बुटांसकटच आकडा लिहायची. घरी मी विचारलं, "अरे, बुटांना भरवतोस की पोरीला?" तर जेवताना ताटावरून उठून गेला.

त्या हिवाळ्यात ठकूची छाती भरली. पुन्हा भरली. आमच्या कोपऱ्यावरचा डॉक्टर औषधं द्यायचा, तिला उतार पडला की भाऊ मोठ्या डॉक्टरांकडे "थोडी सर्दी होती" म्हणून मोकळा. शेवटच्या वेळी मात्र कोपऱ्यावरच्या डॉक्टरने त्याला दारात अडवलं. मी तिथेच होते.

"हिचं अन्न श्वासनळीत जातंय. म्हणून छाती भरते. पोटात नळी बसवावी लागेल, नळीतून दूध द्यायचं. मोठ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पुन्हा असं झालं तर ही पोर हाताला लागायची नाही."

त्या संध्याकाळी भावजय घरात आली तीच मुळी ठरवून आली होती. "या खेपेला सांगायचं. सगळं. खोकला, ओठ, बूट, सगळं."

"सांगतो ना," भाऊ म्हणाला.

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात. मी रजा टाकून येऊ का बरोबर? ती काय तुमची भिंत आहे, वरून हात मारला की झालं? माझी पोर आहे ती! मरेल एखाद दिवशी आणि तुम्ही तिचे केस विंचरत बसाल!"

असं कोणी नवऱ्याला बोलतं का? बोलतं. बोलायलाच हवं होतं. मी मध्ये पडले नाही. भाऊ बोटांवरचा वाळलेला रंग नखाने काढत बसला. मग म्हणाला, "नळी लावली की ती माझ्या हातून खायची नाही."

"मग?"

"मग मी तिच्यासाठी करू काय? ताई, तूच सांग. मला तिला चालवता येत नाही, बोलतं करता येत नाही. शाळेत धाडता येत नाही. मला भरवता येतं. एवढंच येतं. तेही गेलं तर मी तिचा कोण?"

"बाप," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भावजयीने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. तिला रडायलाही आत जावं लागायचं, कारण ठकूला आई रडलेली चालत नाही, हातपाय ताठ करते.

दवाखान्याचा दिवस आला. भावाने बायकोला वचन दिलं होतं, आणि तरी निळा फ्रॉक इस्त्री केला होता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ठकूच्या दुपारच्या जेवणाचा डबा मात्र बरोबर घेतला, कारण गर्दी फार असणार होती. पाळी आली, कानात पुटपुटणं झालं, ठकू हसली, आम्ही आत गेलो.

"जेवण कसं आहे?"

मी भावाकडे बघितलं. त्याने ठकूच्या फ्रॉकची चुणी सारखी केली. बोल की रे बाबा, मी मनात म्हणतेय.

"छान," तो म्हणाला. "एकदम छान."

माझं डोकं सणकलं. आजवर त्याला त्याच्या लेकीसमोर खोटं पाडणं माझ्याने झालं नव्हतं, पण आज मी तोंड उघडलंच. तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आज आलात. तुमचं एक काम आहे." आणि त्यांनी बाहेरून एका मुलीला आत बोलावलं.

मुलगीच म्हणायची, वीस-बावीसची असेल. खांद्यावर दीडेक वर्षाचं बाळ. बाळ कसलं, नुसता कापडाचा बोळा. मान मागे पडलेली. पोरीचे केस कसेतरी गुंडाळलेले, ब्लाउजच्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचे डाग.

"हिच्या बाळाला नळी बसवायचं ठरलंय," बाई म्हणाल्या, "पण ही घाबरते. तुमच्या ठकूला तिने बाहेर बघितलं. म्हणते, ती मुलगी तोंडाने खाते तर माझं बाळ का नाही? तुम्ही अनुभवी आहात. जरा बोला हिच्याशी. कसं भरवता ते दाखवा. काही दिवस प्रयत्न करायचा असेल तर मी थांबेन."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. भावाला शाबासकीच्या वर हे गुरुजींचं पद मिळालेलं, तो लगेच शिकवायला लागला. मान अशी धरायची. हनुवटी अशी. घास एवढाच. पोरगी मान डोलावत होती, त्याचा एकेक शब्द पीत होती. मध्येच तिचं बाळ खोकलं.

तो खोकला मी ओळखला. भिंतीपलीकडून रोज ऐकते मी. ओला, खालून घुसळून येणारा, आणि मग मध्ये एक भयंकर गप्प क्षण. बाळाचे ओठ निळसर झाले. पोरीने सवयीने त्याला पालथं केलं, पाठ थोपटली, "झालं, झालं," म्हणाली. भाऊ शिकवायचा थांबला.

"असं रोज होतं?" त्याने विचारलं.

"प्रत्येक घासाला. माझंच चुकतंय हो दादा. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही. आज तुम्हाला बघितलं नि पटलं. तुम्ही पुरुषमाणूस असून एवढं करता, मी आई असून..." तिचे डोळे भरले, पण तिने पुसले नाहीत, हात रिकामे नव्हते. "मी डॉक्टरांना सांगते, नळी नको. तुम्ही म्हणाल तसंच भरवीन. तुमची मुलगी बघा ना कशी गुटगुटीत आहे."

गुटगुटीत! जाड बूट, आत दोन स्वेटर आणि वर फ्रॉक. भावाने ठकूकडे बघितलं. मग त्या बाळाकडे. त्याचा चेहरा उतरला. त्याने खुर्ची वळवली आणि पाळी नसताना, कोणाला न विचारता, डॉक्टरांचं दार ढकलून आत घुसला. मी मागून. ती पोरगीही गोंधळून मागोमाग आली आणि दारातच उभी राहिली.

आत कोणीतरी दुसरे आईबाप होते. बाई म्हणाल्या, "अहो, एक मिनिट..."

"एक मिनिट नाही," भाऊ म्हणाला. "ही पोरगी बाळाला नळी नको म्हणेल, तर ते माझ्यामुळे. मी खोटं बोलतो. दर वेळी."

ते दुसरे आईबाप शहाणे, आपणच उठून बाहेर गेले. भावाने खाली बसून ठकूचे बूट सोडले. पट्ट्या त्याला सुटेनात, शेवटी मी सोडल्या. फ्रॉक उतरवून आतले स्वेटर काढले. फासळ्या दिसायला लागल्या. "आता वजन घ्या," तो म्हणाला. आणि मग खोकला, ओठ, छाती भरणं, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

बाईंनी डोक्याला हात लावला. रागावल्या, अगदी खऱ्या रागावल्या. "मला इतके दिवस का नाही सांगितलंत? मी काय शत्रू आहे तुमची?"

"तुम्ही शाबासकी देत होता," भाऊ म्हणाला. "आम्हाला दुसरं कोण देतं?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही बरं वाटायचं. दिवसभरात एक तरी पोर हसत यायचं. मीही कधी बूट काढायला लावले नाहीत." आणि माझ्याकडे वळून, "डबा आहे का बरोबर? माझ्यासमोर भरवा. घरी भरवता तसंच. काही सजवायचं नाही."

पुढे तपासण्या झाल्या, नळी बसली, दोन्ही पोरांना बसली, ते सगळं रीतसर पार पडलं आणि त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. दारातल्या त्या पोरीने तेव्हाच मला हळूच विचारलं होतं, "मावशी, ते ऑपरेशन फार मोठं असतं का?" तेव्हाच मी समजले की ती तयार झाली. भाऊ आता लांबचीही कामं घेतो आणि घरी आला की ठकूला शेजारी घेऊन गप्प बसून राहतो. मी जे सांगायला बसले आहे ते त्या खोलीतलंच आहे.

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. भावाने ठकूला मांडीवर घेतलं, मान सावरली, चमचा पुढे केला. ठकूने आ केला. खोकली. थोपटलं. पुन्हा चमचा, पुन्हा आ. पुन्हा खोकली, या वेळी ओठ निळे पडले आणि बाई अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. बाहेर लोक दार वाजवत होते. दारातली पोरगी बाळाला छातीशी दाबून बघत होती. भाऊ घामाने भिजला होता. त्याला वाटत असावं, निदान डबा संपवून दाखवावा.

"दर वेळी तोंड उघडते?" बाईंनी विचारलं.

"दर वेळी. कधी नाही म्हणत नाही. म्हणून तर मी म्हणायचो ना, आवडीने खाते."

बाई खाली वाकल्या, ठकूच्या डोळ्यांच्या रेषेत आल्या. बाबांना नाही, मला नाही, थेट तिला विचारलं. "ठकू, पुरे का गं? नको असेल तर तोंड मिटून घे. कोणी रागावणार नाही."

भावाचा चमचा तिथेच थांबला. अकरा वर्षांत तिला असं कोणी विचारलं नव्हतं. त्याने नाही, आईने नाही, दिवसभर तोंड चालवणाऱ्या मीही नाही. ठकूने बाईंकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं, बराच वेळ, त्याचा चेहरा चाचपल्यासारखं. आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"बाबांना वाईट वाटेल म्हणून उघडत होतीस का?" बाईंनी विचारलं.

ठकूला हो-नाही करता येत नाही. ती नुसती बापाकडे बघून हसली. अगदी त्या डॉक्टरांना दाखवायच्या हसण्यासारखं, मोठं, खळखळून. आणि माझा भाऊ डबा तसाच बाजूला सारून, भरल्या खोलीत, तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागला.